कासव अजून रस्त्यातच

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये दोन मराठी आया भेटल्या की ‘कशा आहात?’च्या आधी ‘किती एपी?’ असं विचारतात. एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. शाळेत असतानाच कॉलेजच्या तोडीचा अभ्यास करायचा, मे महिन्यात परीक्षा द्यायची, आणि निकाल लागतो एक ते पाच या आकड्यांत. चार-पाच मिळाले की बरीच कॉलेजं क्रेडिट देतात आणि फी वाचते. फी वाचते म्हटल्यावर आपला माणूस मुलाला कुठल्याही विषयात घालायला तयार होतो. तरी आमच्या कन्येनं अकरावीला एपी इंग्लिश घेतल्याचं कळल्यावर एका काकूंनी माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, “कॅल्क्युलसला जागा नव्हती का गं?”

इंग्लिशला जागा होती, कारण इंग्लिशला सुट्टीचा अभ्यास होता. हे आम्हाला जूनमध्ये मेलवरून कळलं. जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ वाचायची. समासात टिपणं लिहायची. शिवाय एक वही करायची, तिच्या डाव्या रकान्यात उतारा आणि उजव्या रकान्यात त्यावर स्वतःचं मत. शाळा उघडली की पहिल्या तासाला सगळं द्यायचं. उशीर झाल्यास दिवसाला दहा टक्के कापले जातील. मेलच्या शेवटी बाईंनी ‘एन्जॉय युवर समर’ असंही लिहिलं होतं. तेवढी सूचना कन्येनं त्याच दिवसापासून अमलात आणली.

पुस्तक आलं. साडेचारशेहून जास्त पानं, तीस प्रकरणं. कन्येनं त्याचा वास घेतला, एक फोटो काढला, मैत्रिणींना पाठवला आणि म्हणाली, “चला, सुरुवात तर झाली!”

पुढच्या दोन महिन्यांत त्या पुस्तकानं पुष्कळ जग पाहिलं. कादंबरीतलं जोड कुटुंब दुष्काळ आणि कर्जापायी घरदार सोडून एका खटारा ट्रकमधून ओक्लाहोमाहून कॅलिफोर्नियाला जातं. आमची प्रत नायगाऱ्याला जाऊन आली, व्हर्जिनिया बीचला जाऊन आली, स्विमिंग पूलच्या काठावर उन्हात पडून तिची मलपृष्ठाची बाजू टरारून फुगली. जोड मंडळींना वाटेत निदान चार माणसं तरी भेटतात. या प्रतीला कोणी उघडून विचारलं नाही.

नाही म्हणायला तिसऱ्या प्रकरणापर्यंत वाचन झालं होतं. या प्रकरणात एक कासव हमरस्ता ओलांडतं. एवढंच. जेमतेम दोन-तीन पानांचं प्रकरण आहे, पण आमच्या घरात त्या कासवानं जुलैच्या पहिल्या आठवड्यात रस्त्यावर जे पाऊल टाकलं, ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिथेच होतं.

“कुठवर आलंय वाचन?” मी रोज रात्री विचारायची.

“कासव रस्त्यात आहे.”

“अजून?”

“आई, ते सिम्बॉलिक आहे. घाई करून चालत नाही.”

आमच्या ह्यांचा स्वभाव संकटाला एक्सेल शीट उघडून सामोरं जाण्याचा. उरलेली पानं भागिले उरलेले दिवस असं गणित मांडून त्यांनी तक्ता बनवला. वाचून झालं तर हिरवा, अर्धवट राहिलं तर पिवळा, नाही झालं तर लाल. त्यात ‘जोखीम’ नावाचा एक रकाना होता आणि ‘जबाबदार व्यक्ती’ नावाचा दुसरा. दोन्हींत कन्येचंच नाव होतं. तक्ता बनवायला त्यांना एक अख्खा शनिवार लागला. तेवढ्या वेळात त्यांनी स्वतःच ते पुस्तक निम्मं वाचून काढलं असतं, असं मी बोलून दाखवलं, तर म्हणाले, “मी मॅनेजमेंट करतोय.” आठवड्याभरात तक्ता असा काही लालेलाल झाला की मुलीनं तो बघून प्रामाणिकपणे विचारलं, “बाबा, हा व्हॅलेंटाइनचा आहे का?”

तक्ता हरल्यावर त्यांनी स्फूर्तिदायक माहिती शोधायला घेतली. जेवताना जाहीर केलं, “स्टाइनबेकनं 1938 साली ही अख्खी कादंबरी पाच-एक महिन्यांत लिहिली! लिहिली! आणि तुला वाचायला होत नाही?”

कन्येनं शांतपणे फोनमध्ये डोकं घातलं आणि दोन मिनिटांत वर काढलं. “बाबा, त्याच्या बायकोनं सगळं टाइप करून दिलं. आणि पुस्तकाचं नावसुद्धा तिनंच सुचवलं.”

टेबलावर जरा वेळ कोणी बोललं नाही. म्हणजे ज्या पुस्तकाचा अभ्यास आमच्या घरात कोणी करत नव्हतं, त्या पुस्तकाचं लिखाणही घरच्यांच्या मदतीनंच पार पडलं होतं. त्या रात्रीपासून माझ्याकडे घरातली सगळी माणसं जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागली.

मी मात्र बधले नाही. एक तर मी आमच्या मराठी वाचनकट्ट्याची कार्यवाह आहे. महिन्याला एक पुस्तक वाचून त्यावर चर्चा करायची असा आमचा नियम आहे, आणि त्या महिन्याचं पुस्तक मी अजून उघडलंही नव्हतं. कट्ट्यावर न वाचता जाणाऱ्यांची एक ठरलेली रीत आहे. ज्यांनी पुस्तक वाचलंय त्या चिवडा आणतात, ज्यांनी वाचलेलं नाही त्या गरम बटाटेवडे करून आणतात. गरम बटाटेवडे आणणाऱ्या बाईला लेखकाच्या निवेदनशैलीबद्दल आजवर कोणी प्रश्न विचारलेला नाही. त्या दिवशी कट्ट्यावर बटाटेवड्यांची चार पातेली आली.

घरात पुस्तक खरोखर वाचणारा एकच माणूस निघाला, तो म्हणजे आमचे अप्पा. माझे सासरे सांगलीला एका हायस्कूलमध्ये जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आहेत. रेन अँड मार्टिनचं व्याकरण त्यांना तोंडपाठ आहे, आणि ज्याला ते पाठ नाही त्याच्याविषयी त्यांना मनापासून वाईट वाटतं. उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आले होते. इथे बाहेर पडायचं तर कोणीतरी गाडी काढावी लागते, घरात वर्तमानपत्र येत नाही, दुपार काही केल्या संपत नाही. एके दिवशी त्यांनी सोफ्याच्या फटीत अडकलेलं ते पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं. चौथ्या दिवशी मी चहा घेऊन गेले, तर त्यांच्या हातात लाल पेन होतं.

“सूनबाई, या लेखकाचा पाया कच्चा आहे,” अप्पा म्हणाले.

मी वाकून पाहिलं. जोड कुटुंबातली माणसं ओक्लाहोमाच्या खेडवळ इंग्रजीत बोलतात आणि स्टाइनबेकनं ते उच्चारासकट तसंच लिहिलं आहे. फॅमिलीला फॅम्ब्ली, प्रिटीला पर्टी. अप्पांनी प्रत्येक फॅम्ब्लीला गोल करून समासात शुद्ध रूप लिहिलं होतं. ‘एन्ट’ तर एकही जिवंत ठेवला नव्हता. एका पानावर ‘स्लँग टाळावे’ असा शेरा होता. दुसऱ्यावर ‘कर्ता कुठे आहे?’ कासवाच्या प्रकरणावर मात्र फक्त ‘विषयांतर’ असं लिहून खाली सही केली होती.

“अप्पा, त्यांना नोबेल मिळालंय. 1962 साली.”

“कशाबद्दल?”

“साहित्याबद्दल.”

“तरीच. व्याकरणाला मिळालं नसणार.”

“ती तिथली बोलीभाषा आहे अप्पा. माणसं तशीच बोलतात.”

“बोलू देत ना! लिहायचं कशाला?”

शेवटच्या पानावर त्यांनी लेखकाला शंभरपैकी सदतीस दिले. पस्तीसला पास, त्यावर दोन गुण ‘कळकळीबद्दल’. पुस्तक मिटल्यावर अप्पा संध्याकाळभर गप्प गप्प होते, आणि जेवताना अचानक म्हणाले, “त्या बँकवाल्यांना चाबकानं फोडलं पाहिजे.” कादंबरी त्यांना आवडली होती, असं माझं मत आहे. फक्त ती शुद्ध करून मिळायला हवी होती.

इकडे कन्या खूश. समासात टिपणं हवी होती, ती पानोपानी झाली. “आजोबा, तुम्ही ग्रेट आहात,” असं म्हणून तिनं पुस्तक दप्तरात टाकलं. आतलं काही वाचलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

उरली वही. त्यासाठी कन्येनं सल्लागार मंडळ गाठलं. सल्लागार मंडळ म्हणजे महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीच्या नाटकाची तालीम चालू असताना मागच्या बाकांवर बसून चिप्स खाणारी मोठी मुलं. एपी इंग्लिश करून सुटलेली ही मंडळी ज्येष्ठ आणि अनुभवी होती, म्हणजे सगळी कधी ना कधी पकडली गेलेली होती.

एकानं सिनेमा सुचवला. जॉन फोर्डचा 1940 सालचा, हेन्री फोंडा असलेला. दुसऱ्यानं तत्काळ हाणून पाडला. सिनेमात छावण्यांचा क्रम बदललाय, कादंबरीत आधी येणारी सरकारी छावणी शेवटाकडे नेलीय, आणि कादंबरीचा शेवट तर घेतलेलाच नाही. बाईंचा पहिला प्रश्न नेमका शेवटावरच असतो. तिसऱ्यानं ‘द ग्रेट गॅट्सबी’ लिओनार्डो डिकॅप्रिओच्या भरवशावर लिहिला होता. त्या सिनेमात गोष्ट सांगणारा निक सॅनेटोरियममध्ये बसून सगळं लिहितो. पुस्तकात सॅनेटोरियम नाही. पण याच्या निबंधात तीन परिच्छेद सॅनेटोरियमचेच होते.

त्या सगळ्यांत आदराचं स्थान मात्र एका उंच मुलाला होतं. त्यानं ‘द स्कार्लेट लेटर’ न वाचता डेमी मूरचा 1995 सालचा सिनेमा पाहिला होता. हॉथॉर्नच्या कादंबरीत धर्मोपदेशक शेवटी सगळ्या गावासमोर चौथऱ्यावर प्राण सोडतो. सिनेमात तो आणि नायिका गाडीत बसून नव्या संसाराला निघून जातात. या पठ्ठ्यानं त्यांच्या सुखी संसारावर पानभर लिहिलं. बाईंनी खाली शेरा मारला, ‘दोघं आनंदात आहेत हे वाचून बरं वाटलं. हॉथॉर्नपर्यंत ही बातमी पोचली नव्हती.’ त्यानं तो कागद जपून ठेवला आहे आणि मागितल्यास दाखवतो.

मग क्लिफ्सनोट्स, स्पार्कनोट्स वगैरे झालं. क्लिफ्सनोट्स ही पिवळ्या-काळ्या कव्हराची छोटी पुस्तिका 1958 पासून निघते. आपल्या नवनीत गाइडची अमेरिकी मावसबहीणच म्हणायची. पण सगळ्या गाइडांमधली सगळी वाक्यं बाईंना पाठ असतात, असा सल्लागारांचा एकमुखी निर्वाळा होता. एआयबद्दल विचारलं, तर उंच मुलगा म्हणाला, “त्यानं फार छान लिहून दिलं. वर्गातल्या सात जणांना अगदी तेच छान लिहून दिलं.”

आणि या सगळ्यात गणपती आले. 2025 साली चतुर्थी सत्तावीस ऑगस्टला होती, म्हणजे शाळा उघडायच्या तोंडावर. आमच्याकडे पाच दिवसांचा असतो. मखर, आरत्या, ओक ट्री रोडवरच्या दुकानातून तांदळाच्या पिठीच्या चार खेपा (पहिल्या तीन खेपांत हे इडली रवाच घेऊन आले), आणि रोज संध्याकाळी दर्शनाला येणारी माणसं. मूर्तीच्या बाजूला पाटावर कन्येची वही ठेवलेली. खुद्द विद्येच्या देवतेपुढे, कोरी.

अप्पांनी नातीला उत्साहानं गोष्ट सांगितली. महाभारत लिहायला बसताना गणपतीनं व्यासांना अट घातली होती, माझी लेखणी एकदाही थांबता कामा नये. व्यासांनी उलटी अट घातली, समजल्याशिवाय लिहायचं नाही.

“म्हणजे दोघांनी आधी नियम ठरवले आणि मग काम सुरू केलं,” कन्या विचारपूर्वक म्हणाली. “मी अजून नियमांवरच आहे.”

शनिवारी रात्री दर्शनाला आलेल्या मंडळींसमोर विषय निघाला आणि मराठी माणसाच्या एका गुणाचा मला नव्यानं प्रत्यय आला. दुसऱ्याचा गृहपाठ दिसला की तो स्वतःहून बाह्या सरसावतो. रसायनशास्त्रात डॉक्टरेट असलेले एक काका मोदक हातात घेऊन ‘अमेरिकन ड्रीम’वर वीस मिनिटं बोलले. एका वहिनींनी शीर्षकातल्या द्राक्षांचा संबंध नाशिकशी जोडला आणि त्यावरून बेदाण्याच्या भावाकडे वळल्या. एका गृहस्थांनी उतारे निवडून द्यायची जबाबदारी घेतली, सहा उतारे उतरवलेही. ते त्यांच्याच फोनमधल्या दुसऱ्या कुठल्यातरी स्टाइनबेकच्या पुस्तकातले निघाले. ह्यांनी प्रत्येकाला एकेक प्रकरण वाटून दिलं आणि ‘जबाबदार व्यक्ती’चा रकाना पहिल्यांदाच वेगवेगळ्या नावांनी भरला. रात्री बाराला दिवाणखान्यात दहा मोठी माणसं अभ्यास करत होती. त्यातल्या कोणीही पुस्तक वाचलेलं नव्हतं, आणि ज्यांनी वाचलं होतं ते अप्पा ‘तो माणूस कर्मणी प्रयोग वापरतच नाही’ या मुद्द्यावर अडून बसले होते.

कन्या दहालाच झोपली होती. उद्या विसर्जन आहे, लवकर उठायचंय, असं म्हणाली.

रविवारी मागच्या अंगणात प्लास्टिकच्या टबमध्ये विसर्जन झालं. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणताना तिनं एकटीनं ‘लवकर’वर जोर दिला नाही, ‘पुढच्या वर्षी’वर दिला. सोमवारी लेबर डे. मंगळवारी वही पुन्हा तपासली, तर वीसपैकी अकरा उतारे होते आणि अक्षरं सात प्रकारची.

शाळेच्या पहिल्या एपी इंग्लिशच्या तासाची हकिगत मला कन्येकडून कळली. ती ऐकल्यापासून त्या बाईंविषयी माझ्या मनात आदर आहे आणि थोडी भीतीही.

बाईंनी विचारलं, “अभ्यास कोणाचा अपुरा आहे?” कोणी हलेना. बाई गप्प उभ्या राहिल्या. मग एक हात वर गेला, मग चार, मग बघता बघता हात वर न केलेली तीनच मुलं उरली. सबबी सुरू झाल्या. एकाचा प्रिंटर. एकीचं पुस्तक हैदराबादच्या विमानात राहिलं. एकाच्या कुत्र्यानं खरोखरच वही खाल्ली होती, आणि कोणाचा विश्वास बसणार नाही म्हणून त्यानं कुत्र्याचा व्हिडिओ आणला होता. तरीही कोणाचा बसला नाही. आमच्या कन्येनं गणपती सांगितला. मागच्या बाकावरून आणखी दोघांनी गणपती सांगितला. त्यातला एक कोरियन होता.

बाई चिडल्या नाहीत. फळ्यावर त्यांनी तीन ग्रीक शब्द लिहिले: ईथॉस, लोगॉस, पेथॉस. ॲरिस्टॉटलनं सांगितलेले, समोरच्याला पटवायचे तीन मार्ग. बोलणाऱ्याची पत, युक्तिवाद आणि भावना. “हा विषयच मुळी पटवून देण्याचा आहे,” त्या म्हणाल्या. “कागद काढा. चाळीस मिनिटं. तुम्हाला मुदतवाढ का द्यावी, हे मला पटवा. गुण परीक्षेच्या पद्धतीनं, सहापैकी.”

वर्गात उन्हाळाभर सुस्तावलेली पोरं अशी काही लिहीत सुटली म्हणे, की पेन्सिलींना टोक करायच्या यंत्रापाशी रांग लागली. दोन महिन्यांत एक वाक्य न सुचलेल्यांनी पुरवण्या मागितल्या. पंचाईत झाली ती अभ्यास पूर्ण करून आलेल्या तिघांची. बाईंनी त्यांनाही तोच विषय दिला, आणि बिचाऱ्यांना एकसुद्धा सबब सुचेना. एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, “पण मी खरंच वाचलंय!” बाई म्हणाल्या, “ते दिसतंय. पण त्यात युक्तिवाद कुठे आहे?”

कन्येला सहापैकी चार मिळाले. मुद्दा स्पष्ट मांडल्याचा एकापैकी एक. पुरावे आणि विवेचनाचे चारपैकी तीन. प्रगल्भतेचा एक गुण असतो, तो भल्याभल्यांना मिळत नाही, हिला शून्य. खाली शेरा होता: ‘आजोबांचा भाग हृदयस्पर्शी. पुस्तकाच्या समासातली लाल टिपणं मी पाहिली. हा समीक्षक कोण आहे? त्यांना भेटायला आवडेल.’ मुदत सप्टेंबरअखेरपर्यंत वाढली. टक्के मात्र ठरल्याप्रमाणे कापले गेले.

शेऱ्यातलं शेवटचं वाक्य मी अप्पांना वाचून दाखवायला नको होतं, असं ह्यांचं म्हणणं पडलं. पण तोवर अप्पांनी कोट इस्त्रीला काढला होता.

इथे सप्टेंबरात बॅक टु स्कूल नाइट असते. आईबापांनी मुलांच्या वेळापत्रकाप्रमाणे घंटा झाली की एका वर्गातून दुसऱ्या वर्गात पळायचं, प्रत्येक वर्गात दहा-दहा मिनिटं, मुलांच्याच बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन. एरवी प्रश्न विचारायची मनाई असते. अप्पांनी सरळ हात वर केला. सांगलीचे हायस्कूल शिक्षक आणि न्यू जर्सीच्या एपी शिक्षिका यांच्यात त्या दिवशी जो संवाद झाला, तो आमच्या आजूबाजूच्या पालकांनी श्वास रोखून ऐकला.

“मॅडम, तुम्ही मुलांना हे इंग्रजी शिकवणार?”

“सर, तुम्ही सदतीस गुण दिलेत. मी या लेखकाला पास करायला वीस वर्षं झगडते आहे. तुम्ही दोन गुण वाढवून दिले, त्याबद्दल आभार.”

अप्पा विरघळले. घंटा झाली तरी दोघं फॅम्ब्लीवर बोलत होते.

निघता निघता बाईंनी सगळ्या पालकांना एकेक गुलाबी कागद दिला. पालकांसाठी गृहपाठ. ‘तुमच्या मुलाबद्दल मला पत्र लिहा. दहा लाख शब्दांच्या आत.’ मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत.

शुक्रवार झाला. ह्यांनी पत्रासाठी तक्ता बनवला होता, तो पिवळा होता. मी ‘आमची मुलगी’ हे दोन शब्द लिहून पुढे काय लिहावं याचा विचार करत होते आणि मधल्या काळात बटाटे उकडायला लावले होते. कन्या वरच्या खोलीतून पुस्तक हातात घेऊन धावत खाली आली, “आई, कासव पलीकडे गेलं! आता टॉम जोडनं त्याला कोटात गुंडाळलंय!” आणि मग टेबलावरचा गुलाबी कागद बघून तिचे डोळे चमकले. “दिवसाला दहा टक्के, आई.”

ह्यांनी बाईंना मेल करून दोन दिवस वाढवून मागायचं ठरवलं. कुठली सबब द्यावी यावर आमचं एकमत होईना. शेवटी मी अप्पांच्या खोलीत डोकावले.

“अप्पा, बाईंना पत्र लिहायचंय. तुम्ही जरा हातभार लावाल का?”

“अगं, झालं की लिहून कालच,” अप्पांनी उशीखालून कागदांचं भेंडोळं काढलं. “अकरा पानं झाली. फक्त पोरीचा उल्लेख कुठे आला नाही. सगळं स्टाइनबेकवरच गेलं.”